शणै गोंयबाब

वामन रघुनाथ वर्दे वालावलीकर ऊर्फ शणै गोंयबाब (जन्म : डिचोली, गोवा, २३ जून १८७७, मृत्यू : मुंबई, ९ एप्रिल १९४६) हे कोंकणी लेखक, नाटककार, कथाकार, इतिहासलेखक व भाषाभ्यासक होते. कोंकणी ही मराठीची बोली नसून स्वतंत्र भाषा आहे, ही भूमिका त्यांनी सुमारे तीन दशके सातत्याने मांडली आणि ती केवळ वादातून न मांडता त्या भाषेत ग्रंथ लिहून मांडली. आधुनिक कोंकणी गद्याचे जनक म्हणून त्यांचा उल्लेख केला जातो. त्यांचा स्मृतिदिन ९ एप्रिल हा विश्व कोंकणी दिवस म्हणून पाळला जातो.

‘शणै’ ही सारस्वत समाजातील जुनी उपाधी आहे. मराठीत तिचे ‘शेणवी’ हे रूप परिचित आहे. ‘गोंय’ म्हणजे गोवा आणि ‘बाब’ हा कोंकणीत पुरुषाच्या नावाला जोडला जाणारा आदरार्थी शब्द. टोपणनावातच गाव, समाज आणि भाषा अशी तिहेरी ओळख सांगितलेली आहे. मूळ नावापेक्षा पुढे हेच नाव रूढ झाले.

जन्म व पार्श्वभूमी

वालावलीकरांचा जन्म डिचोली येथे एका गौड सारस्वत ब्राह्मण कुटुंबात झाला. डिचोली हा गोव्यातील ‘नव्या काबिजादीं’पैकी एक महाल. तिसवाडी, बार्देश व सासष्टी हे ‘जुन्या काबिजादीं’चे महाल सोळाव्या शतकातच पोर्तुगिजांच्या ताब्यात गेले होते. डिचोली, पेडणे, सत्तरी हे भाग मात्र अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांच्या राज्यास जोडले गेले. त्यापूर्वी तेथे सावंतवाडीकर भोसल्यांचा अंमल होता. त्यामुळे या भागातील देवळे राहिली, कीर्तन-पुराणाची परंपरा राहिली आणि तिच्यासोबत मराठीही राहिली. घरात व बाजारात कोंकणी, देवळात व शाळेत मराठी, कचेरीत पोर्तुगीज अशी भाषांची वाटणी तेथील हिंदू मुलाला जन्मतःच मिळत असे. वालावलीकरांचे प्रारंभिक शिक्षणही मराठीतूनच झाले. पुढे ते पोर्तुगीज शिकले आणि इंग्रजी शिक्षणासाठी मुंबईस गेले. संस्कृत व फ्रेंच याही भाषा त्यांनी आत्मसात केल्या.

ही वाटणी मुळात कशी झाली हे समजल्याशिवाय वालावलीकरांच्या कार्याचे स्वरूप ध्यानात येत नाही. गोव्यात आलेल्या पहिल्या पिढ्यांतील धर्मप्रसारकांनी स्थानिक भाषा मन लावून शिकून घेतल्या. १५७९ मध्ये गोव्यात आलेला इंग्रज जेझुइट पाद्री थॉमस स्टीफन्स याचे ‘क्रिस्तपुराण’ (१६१६) मराठी वाचकास परिचित आहेच. त्याने ख्रिस्ती धर्मतत्त्वांची प्रश्नोत्तरी मात्र कोंकणीत लिहिली, आणि त्याने रचलेले कोंकणीचे व्याकरण १६४० मध्ये रायतूर येथे छापले गेले. पुराणासाठी मराठी आणि शिकवणीसाठी कोंकणी ही एकाच लेखकाने केलेली निवड बोलकी आहे, आणि पुढील वादात दोन्ही पक्षांनी तिचा आधार घेतला, हेही ओघाने आलेच.

पुढच्या काळात राज्यकर्त्यांचे धोरण बदलले. २७ जून १६८४ रोजी व्हाइसरॉय काउंट द आल्वोर याने हुकूम काढून स्थानिक लोकांनी तीन वर्षांच्या आत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलू लागावे असे फर्मावले. हुकुमाने भाषा मेली नाही, तथापि तिची प्रतिष्ठा गेली. शिकलेल्या ख्रिस्ती कुटुंबांत ती नोकरचाकरांची भाषा ठरली, तर शिकलेल्या हिंदू कुटुंबांत ती लिहिण्यायोग्य नसलेली घरगुती बोली ठरली. एकोणिसाव्या शतकात कुन्हा रिव्हारा या पोर्तुगीज अधिकाऱ्याने कोंकणीच्या इतिहासावर निबंध प्रसिद्ध करून (१८५८) तिची कैफियत मांडली. मोन्सिन्योर सेबाश्तियांव रोदोल्फ दाल्गाद यांनी १८९३ मध्ये कोंकणी-पोर्तुगीज शब्दकोश सिद्ध केला. एदुआर्द जुझे ब्रुनो द सौझ यांनी १८८९ मध्ये पुण्यातून ‘उदेंतेचें साळक’ हे कोंकणी नियतकालिक काढले. हे सारे काम ख्रिस्ती विद्वानांनी केले, आणि त्यातील बराचसा कोंकणी मजकूर रोमन लिपीत होता. तो गोव्यातील हिंदू वाचकापर्यंत सहसा पोहोचत नसे.

मुंबईतील वास्तव्य

वालावलीकरांच्या वाङ्मयीन जीवनाचा बहुतेक काळ मुंबईत गेला. लेखन हा त्यांचा उपजीविकेचा व्यवसाय नव्हता, नोकरी सांभाळून ते लिहीत. मुंबईत त्या वेळी गोव्यातून आलेल्यांची मोठी वस्ती होती. बोटींवरचे खलाशी, आचारी, वादक, कारकून, छापखान्यातील कामगार यांची गावागावांची ‘कूड’ नावाची सामाईक बिऱ्हाडे होती. पहिला कोंकणी तियात्रही गोव्यात न होता १७ एप्रिल १८९२ रोजी मुंबईतच झाला. दुसरीकडे गिरगाव परिसरातील गोमंतकीय हिंदू मराठी समाजात मिसळून गेले होते, मराठी रंगभूमी आणि संगीत यांत तर ते अग्रभागी होते. एकाच मुलखातून आलेले, घरी जवळजवळ सारखेच बोलणारे हे दोन समाज मुंबईत मात्र दोन वेगळ्या लिपींत वाचत आणि दोन वेगळ्या नाट्यगृहांत जात. हिंदू गोवेकराला विचारले असता तो मराठी असल्याचे सांगे, ख्रिस्ती गोवेकर पोर्तुगीज प्रजाजन असल्याचे सांगे.

ही दुफळी भाषेने सांधता येईल, असा वालावलीकरांचा विश्वास होता. धर्म वेगळे, लिपी वेगळ्या, शिक्षणाच्या भाषा वेगळ्या. दोहोंना समान असे जे काही उरते ते आईच्या तोंडची भाषा, हे त्यांच्या विचाराचे मूळ होय.

ग्रंथलेखन

त्यांच्या आरंभीच्या लेखनात ‘मोगाचें लग्न’ (१९१३) या नाटकाचा समावेश होतो. फ्रेंच नाटककार मोलिएर याच्या नाटकावर ते बेतलेले आहे. ज्या भाषेत आधीचे लौकिक गद्य जवळजवळ नाही, तीत विनोद उभा करणे हे व्याकरण लिहिण्यापेक्षा अवघड असते. मोलिएरची निवड त्या दृष्टीने विचारपूर्वक केलेली दिसते, कारण त्याची पात्रे बोलकी असतात आणि कोंकणीचे सामर्थ्य बोलण्यातच होते.

‘गोमंतोपनिषत्’ हा त्यांच्या कथांचा संग्रह दोन भागांत निघाला. ‘म्हजी बा खंय गेली’ या त्यांच्या कथेचा उल्लेख आधुनिक कोंकणी कथेच्या आरंभीच्या टप्प्यावर नेहमी केला जातो. मुलांसाठीही त्यांनी लिहिले. भगवद्गीतेचा त्यांनी ‘भगवंतालें गीत’ या नावाने कोंकणी अनुवाद केला. तत्त्वज्ञानाचा भार कोंकणीला पेलत नाही, या आक्षेपाला ते कृतीने दिलेले उत्तर होते.

इतिहासलेखन हा त्यांचा विशेष आवडीचा प्रांत होता. ‘गोंयकारांची गोंयाभायली वसणूक’ (१९२८) या ग्रंथात त्यांनी गोव्याबाहेर जाऊन वसलेल्या गोवेकरांचा वृत्तान्त दिला. त्यांच्या चरित्रग्रंथांची निवड पाहिली तर लेखकाचा हेतू स्पष्ट होतो. ‘पुण्यात्मा राम कामती’ हे मुंबईतील सारस्वत व्यापारी रामा कामती यांचे चरित्र आहे. वाळकेश्वराचे देऊळ त्यांनी १७१५ मध्ये पुन्हा बांधले. पुढे आंग्र्यांशी संधान बांधल्याच्या आरोपावरून १७२० मध्ये इंग्रज कंपनीने त्यांना दोषी ठरवले व त्यांचे उर्वरित आयुष्य कैदेत गेले. ज्या कागदांच्या आधारे हे झाले ते बनावट असल्याचे नंतर मानले गेले. ‘आबे फारिय’ हा ग्रंथ कांदोळी येथे १७५६ मध्ये जन्मलेल्या आणि पॅरिसमध्ये संमोहनविद्येचा पाया घालणाऱ्या जुझे कुस्तोदियु फारिय या ख्रिस्ती धर्मगुरूविषयी आहे. एक हिंदू, एक ख्रिस्ती, दोघेही परमुलखात गेलेले, आणि दोघांचीही कथा देवनागरी कोंकणीत. ‘अल्बुकेर्कान गोंय कशें जिखलें’ हा १५१० च्या पोर्तुगीज विजयावरील ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर प्रकाशित झाला. कोंकणीच्या ध्वनिव्यवस्थेवर आणि व्याकरणावरही त्यांनी स्वतंत्र लेखन केले.

‘कोंकणी भाशेचें जैत’

१९३० मध्ये प्रसिद्ध झालेला ‘कोंकणी भाशेचें जैत’ हा वालावलीकरांचा सर्वाधिक चर्चिला गेलेला ग्रंथ. ‘जैत’ म्हणजे विजय. कोंकणी ही मराठीचे अशुद्ध रूप आहे, तिला व्याकरण नाही, वाङ्मय नाही, या प्रचलित आक्षेपांचे खंडन करणे हा त्याचा विषय आहे.

आक्षेपकांच्या बाजूला त्या वेळी मोठे नाव होते. ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या मराठीविषयक सातव्या खंडात (१९०५) कोंकणीचा समावेश मराठीची बोली म्हणून करण्यात आला होता. मात्र मराठीच्या इतर प्रादेशिक रूपांहून कोंकणी अधिक वेगळी असल्याचेही तेथेच मान्य केलेले होते. बोली म्हणावे तर एवढी दूर का, आणि भाषा म्हणावे तर एवढी जवळ का, या पेचात कोंकणी सापडली होती.

भाषिक पुराव्याची काही उदाहरणे मराठी वाचकास सहज पटण्यासारखी आहेत. मराठीत ‘मी’, कोंकणीत ‘हांव’. मराठीत ‘आहे’, कोंकणीत ‘आसा’. मराठीत ‘कुठे’, कोंकणीत ‘खंय’. मराठी ‘घोडा’ या आकारान्त शब्दाच्या जागी कोंकणीत ‘घोडो’ असे ओकारान्त रूप येते. सर्वनामे, अस्तिवाचक क्रियापद आणि नामांची रूपे हे भाषेचे सांगाड्यातले घटक असतात, ते शब्दांसारखे सहजासहजी उसने घेतले जात नाहीत. दोन्ही भाषा महाराष्ट्री प्राकृताच्या परिसरातून आल्या असल्या, तरी एक दुसरीतून बिघडून झालेली नाही, ही स्वतंत्र भाषापक्षाची मांडणी अशा पुराव्यांवर उभी आहे. उलट बाजूस, ओकारान्त रूपे सिंधुदुर्गातील मालवणीतही आढळतात, आणि मालवणी बोलणारे बहुसंख्य लोक स्वतःला मराठीभाषक म्हणवतात. म्हणजे व्याकरणातील फरक मोजून प्रश्न पूर्ण सुटत नाही.

याच कारणाने हा वाद भाषाशास्त्रापुरता राहिला नाही. वेदगंगेकाठच्या मुरगूड परिसरात, कोल्हापूर जिल्ह्याच्या कागल तालुक्यात, बोलली जाणारी मराठीही पुस्तकी मराठीहून बरीच निराळी आहे. ‘होय’च्या जागी ‘व्हय’, ‘नाही’च्या जागी ‘न्हाई’ तेथे सर्रास ऐकू येते, आणि कर्नाटकाच्या सीमेजवळ असल्याने कन्नडचा शेजारही आहे. तरीही त्या बोलीला वेगळी भाषा म्हणावे अशी मागणी तेथून कधी झाली नाही, कारण बोलणाऱ्यांना आपण मराठी आहोत याविषयी शंका नाही. गोव्यात ती शंका होती. वेगळेपण किती आहे यापेक्षा बोलणारे त्या वेगळेपणाला काय मानतात, हे येथे निर्णायक ठरले.

युरोपातही असे प्रकार आढळतात. स्पेनच्या ईशान्येकडील पिरेनीज पर्वताच्या खोऱ्यांत बोलली जाणारी आरागोनी भाषा चौदाव्या शतकात राजदरबारी व ग्रंथलेखनात वापरली जात होती. १४१२ मध्ये आरागॉनचे राजपद कास्तीलच्या घराण्याकडे गेल्यावर दरबारात कास्तिली म्हणजे आजची स्पॅनिश पुढे आली, आणि कालांतराने आरागोनीकडे स्पॅनिशचे गावठी रूप म्हणून पाहिले जाऊ लागले. २०१३ मध्ये तर प्रादेशिक सरकारने केलेल्या कायद्यात तिचे नाव घेण्याचेही टाळून डोंगराळ प्रदेशाची विशेष भाषा असा लांबलचक उल्लेख केला गेला होता. वालावलीकरांना हे पाहता आले नाही, पण भाषेचे नाव नाकारले जाणे म्हणजे काय हे त्यांना सांगावे लागले नसते.

ग्रंथाच्या प्रकाशनवर्षाचा एक योग लक्षणीय आहे. १९३० मध्येच पोर्तुगालमध्ये सालाझार यांनी वसाहतविषयक कायदा आणला. १९१० च्या प्रजासत्ताक क्रांतीनंतर गोव्यातील हिंदूंना मिळालेला मोकळेपणा त्यानंतरच्या काळात आक्रसत गेला व छापील मजकुरावर कडक तपासणी आली. कोंकणीची बाजू मुंबईत बसून मांडणे ही वालावलीकरांची सोय होती, तशीच ती पुढे गरजही ठरली.

लिपी आणि प्रमाणरूप

वालावलीकरांनी लेखनासाठी देवनागरी लिपी स्वीकारली. कोंकणी त्या काळीही देवनागरी, रोमन, कन्नड, मलयाळम अशा अनेक लिपींत लिहिली जात असे. मंगळूरकडे कन्नड, केरळात मलयाळम, गोव्यातील व मुंबईतील ख्रिस्ती समाजात रोमन. या सर्वांनी एका लिपीखाली यावे आणि ती लिपी देवनागरी असावी, असा त्यांच्या निवडीचा अर्थ होता. पुढे गोव्यात देवनागरी कोंकणीचे जे प्रमाणरूप घडले त्यात फोंड्याकडील अंत्रुज महालातील हिंदूंच्या बोलीचा वाटा मोठा होता.

ज्या निवडीमुळे कोंकणी मराठी वाचकासमोर बरोबरीने उभी राहू शकली, त्याच निवडीमुळे रोमन लिपीत वाचणारा मोठा ख्रिस्ती वाचकवर्ग प्रमाणभाषेच्या बाहेर राहिला. बार्देश आणि सासष्टीकडील बोलींनाही तीत कमी स्थान मिळाले. दोन समाजांना एकत्र आणण्यासाठी घेतलेल्या निर्णयाने नवी रेषाही आखली गेली, हे त्यांच्या कार्याचे मूल्यमापन करताना टाळता येत नाही.

मतभेद

वालावलीकरांच्या भूमिकेला गोव्यातील मराठीप्रेमींकडून मोठा विरोध झाला. हा विरोध बाहेरच्यांचा नव्हता. शतकानुशतके मराठीत भक्ती, कीर्तन, नाटक व पत्रकारिता केलेल्या गोमंतकीयांना मराठी ही परकी भाषा आहे असे म्हणणे मान्य होणे शक्य नव्हते. त्यांच्या दृष्टीने मराठीनेच पोर्तुगीज अमलात हिंदू गोव्याचे सांस्कृतिक अस्तित्व टिकवले होते. मूळचे प्रियोळचे विद्वान अ. का. प्रियोळकर यांनी पुढे ‘ग्रांथिक मराठी भाषा आणि कोंकणी बोली’ हा ग्रंथ लिहून दुसरी बाजू अभ्यासपूर्वक मांडली. बा. भ. बोरकरांसारख्या कवीने मात्र दोन्ही भाषांत तोलामोलाचे काव्य लिहिले. भाषाशास्त्राच्या क्षेत्रात सु. मं. कत्रे यांचा कोंकणीच्या जडणघडणीवरील इंग्रजी ग्रंथ १९४२ मध्ये, म्हणजे वालावलीकरांच्या हयातीतच प्रसिद्ध झाला.

कोंकणीला जुने वाङ्मय नाही या आक्षेपावर वालावलीकरांजवळ पुरेसा लेखी पुरावा नव्हता. पोर्तुगालमधील ब्रागा येथील ग्रंथालयात रामायण-महाभारतातील कथांचे रोमन लिपीतील जुने कोंकणी गद्य जपलेले आहे. ते छापून सर्वसामान्य अभ्यासकांच्या हाती येईपर्यंत विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडला.

मृत्यू व नंतरचा काळ

कोंकणी परिषदेचे पहिले अधिवेशन १९३९ मध्ये कारवार येथे माधव मंजुनाथ शानभाग यांच्या पुढाकाराने भरले, आणि लेखनापुरती असलेली चळवळ संघटित होऊ लागली. वालावलीकरांचे मुंबईत ९ एप्रिल १९४६ रोजी निधन झाले. त्यानंतर अवघ्या सव्वादोन महिन्यांनी, १८ जून १९४६ रोजी, मडगाव येथे राममनोहर लोहिया यांच्या सभेने गोवा मुक्तिसंग्रामाचे नवे पर्व सुरू झाले.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि भाषेचा प्रश्न राजकारणाच्या मध्यभागी आला. कोंकणी ही मराठीची बोली असेल तर गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा, ती भाषा असेल तर वेगळा राहावा, असा सरळ हिशेब दोन्ही पक्षांनी मांडला. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात ३४,०२१ मतांच्या फरकाने विलीनीकरण नाकारले गेले. साहित्य अकादमीने २६ फेब्रुवारी १९७५ रोजी कोंकणीला स्वतंत्र साहित्यभाषा म्हणून मान्यता दिली, तेव्हा अकादमीचे अध्यक्ष भाषाशास्त्रज्ञ सुनीतिकुमार चटर्जी होते. १९७७ मध्ये रवींद्र केळेकर यांना ‘हिमालयांत’ या पुस्तकासाठी कोंकणीतील पहिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

राजभाषेसाठी १९८५-८७ या काळात झालेल्या आंदोलनात काही जणांचे प्राणही गेले. ४ फेब्रुवारी १९८७ रोजी गोवा विधानसभेने राजभाषा विधेयक संमत केले. त्यानुसार देवनागरी लिपीतील कोंकणी ही राजभाषा झाली आणि मराठीच्या शासकीय वापराचीही तरतूद ठेवण्यात आली. रोमन लिपीला समान दर्जा मिळावा, ही मागणी तेव्हापासून आजतागायत केली जाते. २० ऑगस्ट १९९२ रोजी कोंकणीचा समावेश संविधानाच्या आठव्या अनुसूचीत झाला. २०११ च्या जनगणनेत सुमारे साडेबावीस लाख लोकांनी ती मातृभाषा म्हणून नोंदवली.

गोवा विद्यापीठातील भाषा व साहित्य महाशाळेला शणै गोंयबाब यांचे नाव देण्यात आले आहे. कोंकणीबरोबर पोर्तुगीज, फ्रेंच, हिंदी, इंग्रजी यांचे अध्यापन तेथे होते, आणि मराठीचेही.